सूर्यतापाचे फुगे

मोंगोल्फिये बंधूंनी 1783 साली फ्रान्सात अग्नितापाने फुगा चढविला. परंतु इंधनाची दरकार न ठेवता, निव्वळ उन्हावर माणसास उचलणारा फुगा सिद्ध व्हावयास 1970 चे दशक उजाडावे लागले. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1969 साली हैदराबादेस फुग्यांचे ठाणे वसविले खरे, पण ते फुगे हायड्रोजनचे. घरगुती कारागिराची मदार काळ्या, तलम प्लॅस्टिकवर. आतली हवा बाहेरच्याहून तीस अंश तापली तरी घनमीटरमागे जेमतेम शंभर ग्रॅम उचल मिळते, म्हणून आकार मोठा आणि सांधे हलके हवेत. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या नागावी मात्र खरी अडचण वाऱ्याची: पहाटेची मतलई फुगा समुद्रात लोटते, तर ऊन तापल्यावर सुटणारा खारा वारा त्यास सुरूच्या बनात अडकवितो.