नावावर आलेले पैसे

आमच्या गल्लीत एक वहिनी राहतात. नात्यातल्या नाहीत, त्यांचे यजमान आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, म्हणून त्या वहिनी. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. काळी जमीन, कापूस आणि तूर, आणि सगळा भरवसा पावसावर. २००६ साली त्यांच्या यजमानांनी आत्महत्या केली. काही महिन्यांनी सरकारी मदत मंजूर झाली, एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात, आणि सत्तर हजारांची वारसाच्या नावावर ठेव.

ते तीस हजार आठवडाभरही घरात राहिले नाहीत. कृषी केंद्राची उधारी, सावकाराचं व्याज, तेरवीसाठी केलेली उसनवारी. पण मला आज बोलायचं आहे ते ठेवीच्या व्याजाबद्दल. महिन्याला साडेचारशेच्या आसपास रुपये यायचे. पहिल्या वेळी फॉर्म भरायला मी वहिनींसोबत पोस्टात गेलो होतो. परत येताना त्यांनी मीठ, तेल आणि मुलासाठी दोन वह्या घेतल्या. घरी आल्यावर सासऱ्यांनी हात पुढे केला. वहिनींनी पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "मामाजी, माह्या नावावर आले ना पैसे, मंग मले इचारूनच खर्च होईन."

त्या घरात इतकं मोठं वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात. नवरा असताना कापसाच्या चुकाऱ्याचे हजारो रुपये त्या घरात येऊन गेले होते. त्यातला एक रुपयाही त्यांच्या नावावर नव्हता.

आपल्या जिल्ह्याच्या मातीला फुकटच्या पैशाबद्दल जुना संकोच आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. धडधाकट माणसाला काम न देता नुसतं जेवू घालणं त्यांना मान्य नव्हतं. मात्र याच गांधीजींच्या आग्रहावरून १९३५ साली चरखा संघानं कातणाऱ्यांच्या मजुरीचा फेरविचार केला होता. खादी महाग झाली तरी चालेल, पण आठ तासांच्या कामात पोटाला पुरेसं अन्न आणि अंगाला कापड मिळालं पाहिजे, असं ठरलं. कातणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. पुढं १९५० साली विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, जमिनीतून आणि श्रमातून जगायचं. पैसा माणसाला लाचार करतो, ही त्यामागची भीती खरीच होती.

पण ज्याच्या हातात काम करायची ताकद नाही, किंवा ज्याच्या श्रमाला भावच मिळत नाही, त्यानं काय करावं? महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, अपंग, निराधार अशांना दरमहा थोडी रक्कम मिळू लागली. रक्कम इतकी लहान की थट्टेचा विषय व्हायची. तरी गावातल्या म्हाताऱ्या त्या तारखेची वाट पाहत. महिन्यातून एक दिवस सुनेच्या तोंडाकडे न पाहता चहापत्ती घेता यायची.

मग कापसाच्या घसरणीची वर्षं आली. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. २००५-०६ च्या हंगामात राज्यानं क्विंटलमागं मिळणारा ५०० रुपयांचा आगाऊ बोनस बंद केला. बियाणं, खत, फवारणी यांचा खर्च मात्र चढतच होता. आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या. त्याच काळात एक लाखाच्या मदतीचे नियम पक्के झाले. जमीन नावावर हवी, मान्यताप्राप्त संस्थेचं थकलेलं कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. सातबारा बापाच्या नावावर आणि कर्ज सावकाराचं, असं असलं की प्रकरण 'अपात्र'. आमच्याच गावात असं एक घर आहे. तिथलं दुःख वहिनींच्या घरासारखंच होतं. कागद तेवढे वेगळे होते.

२००६ च्या जून-जुलैत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले. आपल्या जिल्ह्यातल्या वायफड गावी ते शेतकऱ्यांना भेटले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातला सर्वांत मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा होता. ७१२ कोटींचं थकीत व्याज माफ झालं. दुभती जनावरंही वाटली गेली. हेतू चांगला होता, पण ज्या घरात माणसांच्या भाकरीचीच पंचाईत, तिथं गाईला चारा आणि ढेप कुठून आणायची? घरातल्या बाईला कोणी विचारलं असतं, तर तिनं गाय मागितली असती की मुलीच्या शाळेची फी? २००८ साली देशभर कर्जमाफी झाली. पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा होती. आपल्याकडे कोरडवाहू जमीन असलेला माणूस सात-आठ एकरांचा मालक असूनही गरीबच असतो. असे पुष्कळ जण बाहेर राहिले.

इथं मला लहानपणी अब्बांनी सांगितलेली गोष्ट आठवते. आमच्याकडे रमजानमध्ये बहुतेक घरं जकात काढतात. वर्षभर टिकलेल्या बचतीच्या अडीच टक्के. अब्बा म्हणायचे, जकात द्यायची म्हणजे घेणाऱ्याला त्या पैशाचा मालक करायचं. मग त्यानं त्याची डाळ घेतली की चप्पल, हे विचारायचा हक्क आपल्याला उरत नाही. तो पैसा त्याचाच होता, आपल्याकडे फक्त थांबला होता. सरकारी मदतीचं मोल जोखताना मी हीच कसोटी लावतो. घेणारा मालक झाला का?

गेल्या काही वर्षांत ही मदत थेट खात्यात येऊ लागली. १ जून २०१३ ला गॅस सिलिंडरचं अनुदान थेट खात्यात जमा करण्याची सुरुवात देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत झाली, त्यात वर्धा होता. २०१४ साली जनधन खाती निघाली. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, २०२३ पासून राज्याचे आणखी सहा हजार. त्याच वर्षी निराधार योजनेची रक्कम महिना दीड हजार झाली. आणि जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे महिना दीड हजार, बाईच्या स्वतःच्या खात्यात.

लोक म्हणतात, फुकटचा पैसा दारूत जातो, माणूस आळशी होतो. २०११-१२ च्या सुमारास शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत, इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं हे करून पाहिलं. मोठ्या माणसाला महिना दोनशे, मुलाला शंभर. वर्षानंतर तीनशे आणि दीडशे. अट कसलीच नाही. लोकांनी धान्य घेतलं, भाजी घेतली, मुलांच्या शाळेवर खर्च केला, उधारी कमी केली. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबले. दारूचा खर्च वाढलेला दिसला नाही.

तरीही या पैशाच्या मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. पीएम-किसानला जमीन नावावर लागते. मक्त्यानं शेती करणारा आणि सातबारावर नाव नसलेली, पण रोज निंदण करणारी बाई त्यात नाही. लाडकी बहीणच्या पडताळणीत २०२५ साली लाखो नावांवर प्रश्नचिन्ह लागलं. जो पैसा कधी थांबेल ते ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर बाई मुलीचं कॉलेज कसं ठरवणार? आणि हिशेब मांडून पाहा. केंद्राचे आणि राज्याचे मिळून शेतकऱ्याला वर्षाला बारा हजार मिळतात. २०२४-२५ मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. बारा क्विंटल कापूस हमीभावापेक्षा हजार रुपये कमी दरानं विकावा लागला, की वर्षाची सगळी मदत एका दुपारी व्यापाऱ्याच्या काट्यावर संपली. कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी मिळावी, हा १९३५ चा आग्रह मला इथं पुन्हा आठवतो. घामाचा दाम आणि हातातली मदत, दोन्ही लागतात. एक दिल्यानं दुसरं फिटत नाही.

परवा वहिनींकडे गेलो होतो. मुलाचं लग्न झालंय, नात पाच वर्षांची आहे. सुनेच्या मोबाईलवर दीड हजारांचा मेसेज आला होता. ती म्हणाली, "आई, शिलाई मशीनचा हप्ता भरून येतो." तिनं परवानगी मागितली नाही, फक्त सांगितलं. वहिनींनी मान हलवली. सून गेल्यावर त्या बराच वेळ दाराकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, असे थोडे थोडे पैसे तवा आले असते तं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दीड हजारानं त्यांच्या यजमानांचं कर्ज फिटलं नसतं, हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. पण किराणावाल्याकडे खालमानेनं जावं लागलं नसतं, मुलाच्या वहीसाठी सावकाराचं दार वाजवावं लागलं नसतं. माणूस एका मोठ्या ओझ्यानंच मोडतो असं नाही. रोजच्या लहान लहान अपमानांनीही मोडतो. आमच्या गावानं सरकारचे लाख रुपये पाहिले ते माणूस गेल्यावर. आता हजार-दीड हजार येतात ते माणूस जगत असताना. रक्कम लहान आहे, पण ती वेळेवर येते आणि बाईच्या नावावर येते. ती थांबू नये, आणि तिच्या आडून कापसाचा भाव कुणी विसरू नये, एवढंच मागणं आहे.