स्मृतीचा हिशेब

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असें आपण मुलांना शिकवीत आलों. पण ज्याला आपलें अंथरूण दिसतच नाहीं, डोळ्यांपुढें दिसते ती सारी खोली, त्यानें पाय कोठवर पसरावे? आजच्या संगणकांपुढें हा प्रश्न खरोखरीच उभा राहिला. एका मोठ्या यंत्रांत अनेकांचे संसार थाटावयाचे, प्रत्येकाला स्मृतीची, म्हणजे मेमरीची, मर्यादा घालून द्यावयाची, आणि कोण किती वापरतो यावर नजर ठेवावयाची, हें काम ऐकावयास सोपें वाटतें. तें इतकें अवघड कां ठरलें, हें त्याचा इतिहास पाहिल्यावांचून कळत नाहीं.

प्रारंभ इंग्लंडांतील मँचेस्टर येथें झाला. तेथील विद्यापीठांत टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनीं ‘ॲटलास’ नांवाचा संगणक उभारला. त्याचें उद्घाटन १९६२ च्या डिसेंबरांत झालें. त्याची जलद स्मृति सुमारें १६ हजार शब्दांची होती, तर चुंबकीय ड्रमवरील संथ सांठा सुमारें ९६ हजार शब्दांचा. हे दोन्ही मिळून प्रोग्रॅमला एकच अखंड कोठार भासावें, अशी योजना त्यांनीं केली. सांठ्याचीं ५१२ शब्दांचीं ‘पानें’ पाडलीं, आणि लागेल तें पान आणण्याचें व न लागणारें परत पाठविण्याचें काम यंत्राकडेच सोंपविलें. प्रोग्रॅम लिहिणाराचा मोठा भार उतरला. परंतु दिसणारी जागा आणि असणारी जागा यांची फारकत तेथेंच झाली. पुढच्या साऱ्या हिशेबाचें मूळ या फारकतींत आहे.

तिचा दुष्परिणाम लौकरच दिसला. अनेक प्रोग्रॅम एकदम चालविले कीं एकाचें पान आणावें तों दुसऱ्याचें बाहेर जाई, आणि नेमकें तेंच पुन्हां लागे. यंत्र अहोरात्र राबे. काम मात्र पुढें सरकत नसे. अमेरिकेंतील पीटर डेनिंग यांनीं १९६८ सालीं याची मीमांसा केली. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रोग्रॅमनें किती जागा अडविली आहे हें पाहूं नका; नजीकच्या थोड्या काळांत त्यानें किती पानांना खरोखर हात लावला तें पाहा. या पानांना आपण त्याचा ‘कार्यसंच’ म्हणूं. साऱ्यांचे कार्यसंच जलद स्मृतींत मावले तरच काम सुरळीत चालतें. हजेरीपटावर चाळीस नांवें असलीं, तरी वर्गांत लक्ष किती मुलांचें आहे हें हजेरीपट सांगत नाहीं. तसाच हा भेद आहे.

यानंतर गोष्ट आणखी एक पायरी पुढें गेली. आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रांत एका यंत्राचीं अनेक आभासी यंत्रें करण्याची पद्धति १९६७ सालीं चालूं झाली, आणि १९७२ सालीं कंपनीनें ‘व्हीएम/३७०’ या नांवानें ती जाहीर केली. आतां एकेक प्रोग्रॅमच नव्हे, तर अख्खी कार्यप्रणाली आपण स्वतंत्र घरांत राहतों असें समजूं लागली. १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें हीच कल्पना साध्या, स्वस्त संगणकांवर आणली. तेव्हां घरमालक आणि भाडेकरू यांमधील पडदा अडचणीचा झाला. कोणतें पान मोलाचें हें आंतल्यास ठाऊक. एकंदर स्मृति किती उरली हें बाहेरच्यास ठाऊक. आणि दोघांचें बोलणें नाहीं!

याच कंपनींतील कार्ल वाल्डस्पर्गर यांनीं २००२ सालीं एका निबंधांत यावर दोन सुंदर युक्त्या मांडल्या. पहिली फुग्याची. आभासी यंत्राच्या आंत मालकाचा एक छोटा हस्तक ठेवावयाचा. तो फुग्यासारखा फुगून आंतल्या कार्यप्रणालीपाशीं जागा मागतो. ती आपलीं कमी मोलाचीं पानें त्याला देते, आणि मालक तीं गरजू शेजाऱ्याकडे वळवितो. दुसरी युक्ति म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. दर ३० सेकंदांच्या अवधींत वाटेल तीं १०० पानें निवडावीं, आणि त्यांतील किती पानांना हात लागतो तें पाहून एकंदर वापराचा अदमास बांधावा. डेनिंग यांचा विचार येथें प्रत्यक्ष मोजणींत उतरला.

पुढें अनेक घरांना वेगवेगळी कार्यप्रणाली देण्याऐवजीं एकाच लिनक्सखालीं पडद्या घालून बिऱ्हाडें करण्याची रीत रूढ झाली. या बिऱ्हाडांस कंटेनर म्हणतात. २००५ सालच्या ‘ओपनव्हीझेड’मध्यें प्रत्येक बिऱ्हाडाची एक खातेवही असे. तींत सध्यांचा वापर, आजवरचा सर्वाधिक वापर, मर्यादेचे दोन टप्पे आणि किती वेळां नकार मिळाला, असे रकाने असत. जाणता मनुष्य प्रथम हा शेवटचा रकाना पाही. २००६ सालीं गूगलमधील पॉल मेनाज व रोहित सेठ यांनीं अशाच कामास हात घातला. जानेवारी २००८ मध्यें त्याची चौकट मूळ लिनक्समध्यें आली, आणि आयबीएमचे बलबीर सिंग यांच्या पुढाकारानें त्याच वर्षीं एप्रिलांत स्मृतीची मर्यादाही तींत दाखल झाली.

या मर्यादेचा नियम कठोर आहे. ती गांठली कीं लिनक्स प्रथम सोडतां येण्याजोगीं पानें परत घेतें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर बिऱ्हाडांतील एखादा चालूं प्रोग्रॅम तत्काळ ठार करतें. आणि येथेंच अंथरुणाचा घोटाळा झाला. ‘यंत्रांत स्मृति किती?’ असें आंतून विचारलें, तर नेहमींच्या जागीं उत्तर मिळे तें साऱ्या यंत्राचें. समजा, यंत्र ६४ गिगाबाइटचें आहे व बिऱ्हाडाची मर्यादा २ गिगाबाइट. जावाची प्रणाली, वेगळें सांगितलें नसेल तर, दिसणाऱ्या स्मृतीच्या चौथाईपर्यंत पसरण्याची मुभा स्वतःस घेते. म्हणजे १६ गिगाबाइट! असे प्रोग्रॅम बिनचूक लिहिलेले असूनही मारले जात. मार्च २०१८ मधील जावाच्या दहाव्या आवृत्तीपासून ती स्वतःची मर्यादा पाहूं लागली.

उलट बाजूचीही फसगत होते. लिनक्स मोकळ्या जागेंत वाचलेल्या फायलींच्या प्रती ठेवून देतें आणि त्याही खात्यावर मांडतें. त्यामुळें बिऱ्हाड शेंकडा ९५ भरलेलें दिसलें, तरी प्रत्यक्षांत कसलीच अडचण नसणें शक्य असतें. म्हणून डिसेंबर २०१८ च्या लिनक्समध्यें फेसबुकमधील योहानेस वायनर यांच्या प्रयत्नानें नवें मोजमाप आलें. जागा किती भरली हें तें विचारीत नाहीं; गेल्या १०, ६० व ३०० सेकंदांत स्मृतीवांचून काम किती काळ खोळंबलें, हें तें सांगतें.

श्रोतेहो, या हिशेबांत चूक झाली तर तिचा भुर्दंड यंत्राला पडत नाहीं. निकालाची वाट पाहणारा विद्यार्थी, रुग्णालयाच्या खिडकीशीं केसपेपरासाठीं उभी असलेली म्हातारी, यांना ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेंच ऐकावें लागतें. यासाठीं, ज्यांच्या हातीं अशीं यंत्रें आहेत त्यांनीं कोठार किती भरलें एवढ्यावर समाधान मानूं नये. मर्यादा त्या बिऱ्हाडाचीच वाचली ना, नकार किती वेळां झाला आणि कोणाचें काम अडलें, हेंही रोज पाहावें. भरलेलें कोठार हें संकट नव्हे. दारांत ताटकळणारा मनुष्य हें संकट होय.