नेम का चुकतो? : गुळगुळीत नळीची बंदूक, तिचा अचूकपणा आणि दख्खनचा इतिहास

प्रस्तावना

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील गाव. या परिसराच्या लष्करी इतिहासाचा विचार करताना धारूरचा किल्ला, गोदाकाठचे राक्षसभुवन आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा ही नावे प्रथम आठवतात. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे मराठ्यांनी निजामावर पुन्हा विजय मिळविला. या लढायांची राजकीय मीमांसा विपुल झाली आहे. त्या काळातील बंदुकीचा विचार मात्र ‘आपली शस्त्रे जुनाट होती’ अशा एखाद्या विधानात आटोपला जातो.

दुसरीकडे, रानडुकरांचा उपद्रव मराठवाड्यातील शेतकऱ्यास नवा नाही. परवान्याची बारा बोअरची बंदूक, तीत छर्र्यांऐवजी ‘स्लग’ म्हणून ओळखली जाणारी एकच जड गोळी आणि वर दुर्बीण, एवढी सिद्धता करूनही नेम लागत नाही, ही अशा बंदुकीविषयीची नेहमीची तक्रार होय. दोष बहुधा दुर्बिणीस दिला जातो. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. परंतु गुळगुळीत नळीतून एकच गोळी अचूक कशी मारावी, हा प्रश्न दोन्हींकडे एकच आहे. या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चुकीचे दोन प्रकार

नेम चुकण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात सर्व गोळ्या एकमेकींजवळ पडतात, परंतु लक्ष्यापासून एका बाजूस सरकलेल्या असतात. हा नेमयंत्रणेचा, म्हणजे माशी, खाच किंवा दुर्बीण यांच्या जुळणीचा दोष असून तो दुरुस्त करणे सोपे असते. दुसऱ्या प्रकारात गोळ्या विखुरतात, एक डावीकडे तर दुसरी वर जाते. येथे दुर्बीण कितीही फिरविली तरी उपयोग नसतो, कारण दोष नेमाच्या दिशेत नसून प्रत्येक बारातील असमानतेत असतो. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

नळी आणि गोळी यांतील पोकळी

अठराव्या शतकात इंग्रज पायदळ वापरीत असलेल्या ‘ब्राउन बेस’ या चकमकी बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, तर गोळीचा सुमारे ०.६९ इंच होता. हा फरक हेतुपुरस्सर ठेवलेला होता. दारूची काजळी नळीत साचल्यावरही गोळी झटकन ठासता यावी आणि शिकलेल्या शिपायाने मिनिटास सुमारे तीन बार काढावेत, ही त्यामागील अपेक्षा होती. परिणामी गोळी नळीत आदळत बाहेर पडे आणि शेवटच्या धक्क्याने तिला कोणत्याही दिशेची फिरकी मिळे.

बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या तोफविद्येवरील ग्रंथातून या विषयास गणिती व प्रायोगिक बैठक दिली आणि या अनियमित फिरकीमुळेच गोळीचा मार्ग वाकडा होतो, हे आपल्या प्रयोगांनी दाखविले. नळीस आतून पेचदार आटे पाडल्यास गोळी स्वतःच्या अक्षाभोवती फिरते आणि मार्ग स्थिर राहतो, याचेही त्याने विवेचन केले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला.

तोड्याच्या बंदुकीचा पुनर्विचार

या पार्श्वभूमीवर देशी तोड्याच्या बंदुकीकडे पाहिले असता वेगळे चित्र दिसते. तिची नळी लांब व जाड असे. लोखंडी पट्ट्या गुंडाळून, तापवून व ठोकून नळ्या घडविण्याची कला येथे प्रगत होती. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त अशा नळीकामाचे वर्णन असून, बैलाच्या साहाय्याने सोळा नळ्या एकाच वेळी साफ करणाऱ्या यंत्राचाही उल्लेख आहे. नळी आतून स्वच्छ व एकसारखी असावी याची जाणीव त्यातून स्पष्ट होते.

याहून बोलका पुरावा नेमयंत्रणेचा आहे. देशी तोड्याच्या बंदुकीवर पुढे माशी आणि मागे खाच, अशी दोन्ही साधने सामान्यतः आढळतात. ब्राउन बेसवर मागची खाच नव्हती. संगीन अडकविण्याचा पुढील खुंटा हीच तिची माशी. म्हणजे पहिले शस्त्र एकट्या बरकंदाजाने नेम धरून मारण्यासाठी, तर दुसरे रांगेने एकाच वेळी बार काढण्यासाठी घडविलेले होते. गोळ्यांचे विखुरणे इंग्रजांनी टाळले नाही. त्यांनी ते गृहीत धरले आणि संख्या, वेग व कवायत यांनी भरून काढले.

मराठ्यांना याचे आकलन नव्हते असे म्हणता येत नाही. १७६० च्या उदगीरच्या लढाईत इब्राहिमखान गारदी मराठ्यांकडे होता. महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉइन याने कवायती पलटणी उभारल्या आणि आग्रा येथे सँगस्टर याच्या देखरेखीखाली बंदुका तयार होऊ लागल्या. खर्ड्याच्या रणांगणावर शिंद्यांच्या बाजूने पेराँ आणि निजामाच्या बाजूने रेमाँ यांची कवायती पायदळे समोरासमोर होती. म्हणून ‘जुनाट शस्त्रे’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. देशी बंदूक अचूकपणात उणी नव्हती. उणीव होती ती बार काढण्याच्या वेगात, शस्त्रांच्या एकसारखेपणात आणि कवायती पायदळ सातत्याने पोसणाऱ्या अर्थव्यवस्थेत.

आटे, काडतूस आणि १८५७

आटे पाडलेल्या नळीत घट्ट गोळी ठासण्यास वेळ लागे, म्हणून ती दीर्घकाळ सर्वसामान्य शिपायाच्या हाती आली नाही. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी मिनिए याने तळाशी पोकळ असलेली लांबट गोळी पुढे आणली. ती सहज आत सरके आणि बार होताच फुगून आट्यांत बसे. याच तत्त्वावरील १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल ०.५७७ इंच व्यासाची होती. नळी व गोळी यांतील पोकळी आता अगदी थोडी राहिल्याने काडतुसाच्या कागदास चरबीचा लेप आवश्यक ठरला. गोळी सुलभ सरकावी आणि काजळी मऊ राहावी, हा त्याचा हेतू होता.

जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथून या लेपात गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची वार्ता पसरली. काडतूस दातांनी तोडावे लागे. अचूकपणाच्या समस्येचे तांत्रिक उत्तर अशा रीतीने शिपायाच्या धर्मभावनेवर येऊन आदळले. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक व खोल होती, हे निर्विवाद आहे. परंतु ठिणगी ठरलेला हा लेप मुळात नेम सुधारण्याच्या प्रयत्नाचा भाग होता, याकडे आपल्या अध्यापनात पुरेसे लक्ष दिले जात नाही.

अचूकपणाचे राजकारण

उठावानंतरची घटना अधिक अर्थपूर्ण आहे. एन्फिल्डच्याच धर्तीवर, परंतु आटे नसलेल्या, सुमारे ०.६५ इंच व्यासाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुका १८५८ पासून देशी पलटणींसाठी तयार करण्यात आल्या. अंतराच्या खुणा असलेल्या मागील फळीऐवजी त्यांवर साधी स्थिर खाच बसविलेली होती. बाह्य रूप सारखे, अचूकपणा मात्र जाणीवपूर्वक काढून घेतलेला. गोऱ्या शिपायाची गोळी नेमकी जावी आणि देशी शिपायाची विखुरावी, हे राज्यकर्त्यांचे धोरण होते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य प्रजेच्या शस्त्रधारणेवर परवान्याचे बंधन आले. बीडचा प्रदेश त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. स्वातंत्र्योत्तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही नळीचा भेद टिकून आहे. संरक्षण वा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक यांना कलम १३ मध्ये वेगळे स्थान दिलेले आहे. येथे हेतू वसाहतवादी नसून सार्वजनिक सुरक्षेचा आहे, हा फरक लक्षात घ्यावयास हवा. तथापि शेतकऱ्याच्या हाती गुळगुळीत नळीच का आढळते, याचे एक उत्तर या परंपरेत सापडते.

दुर्बीण आणि आजचा प्रश्न

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याच्या इतिहासातही आपल्या प्रांताचा संबंध येतो. मुंबई लष्करातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन याने अशी दुर्बीण विकसित केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) व्हिटवर्थ रायफलींवर ती नळीच्या डाव्या बाजूस बसविली जात असे. मात्र तिच्याखालची नळी आटे पाडलेली होती. गुळगुळीत नळीचा प्रश्न सोडविण्याचे प्रयत्न निराळे झाले. बंगाल लष्करातील फॉसबेरी याने १८८५ मध्ये केवळ तोंडाशी आटे असलेल्या ‘पॅराडॉक्स’ नळीचे एकस्व घेतले. जर्मनीत ब्रेनेके याने १८९८ मध्ये, तर अमेरिकेत फॉस्टर याने १९३१ मध्ये पुढील भाग जड असलेली स्लग तयार केली. ती बाणाप्रमाणे जड टोक पुढे ठेवून स्थिर राहते. तिच्यावरील तिरप्या कंगोऱ्यांमुळे ती वेगाने फिरते, हा समज बरोबर नाही. नळीच्या आवळलेल्या तोंडातून दबून बाहेर पडणे सोपे जावे, हे त्यांचे मुख्य कार्य होय.

यावरून दोष शोधण्याचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम दुर्बिणीची बैठक व तिचे स्क्रू घट्ट आहेत का, ते पाहावे, कारण बारा बोअरचा धक्का मोठा असतो. नंतर अधिकृत नेमबाजी मैदानावर, बंदूक स्थिर आधारावर ठेवून, एकाच प्रकारच्या काडतुसांचे तीन ते पाच बार काढावेत. गोळ्या एकत्र पडून सरकल्या असतील तरच दुर्बीण फिरवावी. विखुरल्या असतील तर नळीच्या तोंडाचा आवळपणा, साचलेली काजळी, स्लगचा प्रकार आणि चाप ओढण्याची रीत एकेक करून तपासावी. आटे असलेल्या नळीसाठीची, प्लॅस्टिकच्या वेष्टनातील स्लग गुळगुळीत नळीत वापरल्यास विखुरणे अटळ असते. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोणत्या बदलाने काय साधले हे कळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार योग्य परवानगीशिवाय रानडुकरावर गोळी झाडता येत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

निष्कर्ष

१. अचूकपणा हा एका वस्तूचा गुण नसून नळी, गोळी, दारू, नेमयंत्रणा व नेमबाज यांच्या मेळाचा गुण आहे. दुर्बीण दोष स्पष्ट दाखविते. विखुरणे ती थांबवू शकत नाही.

२. दख्खनमधील तोड्याच्या बंदुकीस सरसकट निकृष्ट ठरविणे पुराव्यास धरून नाही. वेग, एकसारखेपणा व अर्थबळ यांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे.

३. अचूक शस्त्र कोणास मिळावे, हा १८५७ नंतर तांत्रिक नव्हे, तर राजकीय निर्णय होता.

राक्षसभुवन व खर्डा येथील क्षेत्रभेटींच्या वेळी विद्यार्थ्यांसमोर जय-पराजयाबरोबरच शस्त्रांच्या घडणीचा हा विचारही मांडला जावा. नेम चुकला की एकाच भागावर दोष ठेवण्याची घाई नेमबाजास जशी मारक ठरते, तशीच ती इतिहासाच्या अभ्यासकासही ठरते.