उष्ण कटिबंधी इओसिनोफिलिया

उष्ण कटिबंधी इओसिनोफिलिया : रात्रीचा कोरडा खोकला, धाप व छातीतील घरघर अशा दम्यासारख्या लक्षणांनी प्रकट होणारा, परंतु हत्तीरोगाच्या कृमींमुळे उद्‌भवणारा फुप्फुसविकार. रक्तातील इओसिनोफिल या श्वेत कोशिकांची संख्या त्यात फार वाढते. दर घन मिमी. मध्ये ती ३,००० हून अधिक असते. मालवण किनारपट्टीचा सिंधुदुर्ग जिल्हा (१९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्याचा भाग) महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत गणला गेला. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारे क्यूलेक्स डास या रोगाचा प्रसार करतात. त्यामुळे अशा भागात रेंगाळणाऱ्या खोकल्याचे निदान करताना या विकाराचा विचार अगत्याचा ठरतो.

मदनपल्ली (आंध्र प्रदेश) येथील क्षयरोग आरोग्यधामात फ्रिमोट-म्यलर व बार्टन यांनी १९४० मध्ये क्षयासारख्या भासणाऱ्या अशा विकाराचे वर्णन केले. वाइनगार्टेन यांनी १९४३ मध्ये ८१ रुग्णांच्या आधारे तो स्वतंत्र रोग असल्याचे दाखवून त्यास प्रस्तुत नाव दिले. उपदंशासाठी दिलेल्या आर्सेनिकयुक्त औषधाने एका रुग्णाचा हा विकारही बरा झाल्याचे त्यांना आढळले होते. कारण मात्र अज्ञातच राहिले, कारण रुग्णांच्या रक्तात सूक्ष्म कृमी सहसा सापडत नसत. वेल्लोर येथे वेब, जोब व गॉल्ट यांनी १९६० मध्ये ते फुप्फुस, यकृत व लसीका ग्रंथींच्या ऊतकांत दाखविले.

श्वसनमापनाचा पाया इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये घातला होता. दम्यात श्वासनलिका आकुंचित झाल्याने पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे एकूण उच्छ्‌वासाशी असलेले प्रमाण घटते. प्रस्तुत विकारात लक्षणे दम्याची असली, तरी अनेकदा दोन्ही मापे सारख्याच प्रमाणात घटतात व त्यांचे गुणोत्तर जवळजवळ प्राकृत राहते. केवळ गुणोत्तर पाहणाऱ्यास म्हणूनच चाचणी निर्दोष वाटू शकते. मुंबईचे फारूख उदवाडिया यांनी १९६७ मध्ये लक्षणे, ऊतकपरीक्षा व श्वसनचाचण्या यांची सांगड घालून या विसंगतीचा उलगडा केला. इओसिनोफिल कोशिका वायुकोशांच्या भित्तींत साठून फुप्फुस ताठर बनते, त्याचे प्रसरण रोधले जाते व वायूंचे विसरण मंदावते. काही रुग्णांत श्वासनलिकांचा अवरोधही जोडीस असतो.

डायएथिलकार्बामेझीन हे औषध साधारणतः तीन आठवडे दिल्यास खोकला व धाप त्वरेने ओसरतात. येथे विसंगतीची दिशा उलटते : रुग्णास बरे वाटते, पण चाचणीतील दोष राहू शकतो. मद्रास (चेन्नई) येथील रुग्णांच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचारानंतरही काहींच्या फुप्फुसात सौम्य दाह टिकून असल्याचे दिसले. निदानास विलंब झाल्यास किंवा रोग वारंवार उलटल्यास तंतुमयता येऊन हानी कायमची होते. दमा समजून केवळ श्वासनलिका रुंदावणारी औषधे, किंवा क्षय समजून दीर्घ उपचार देण्यातील धोका हाच होय.

लक्षण, श्वसनमापन व रक्तपरीक्षा यांपैकी कोणतेही एक स्वयंपूर्ण नाही. त्यांच्यात मेळ नसेल, तर एकास खोटे न ठरविता तिन्हींचा उलगडा करणारे कारण शोधणे, ही या रोगाच्या इतिहासाची शिकवण आहे.