वर्गणी, वेतन आणि व्रत

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. पोलादामागोमाग माणसे आली आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती. नव्या नगरीतील सेक्टरांत घरे मिळाली, गणपती बसले, आणि मुलांनी मराठीत शिकावे ही इच्छा प्रबळ झाली. अशा इच्छेतून उभ्या राहणाऱ्या शाळेत आरंभापासूनच दोन प्रकारची माणसे असतात. एक, पाळी आटोपून बैठकीस येणारा व काही न घेणारा सभासद; दुसरा, महिनाअखेर वेतनाची वाट पाहणारा शिक्षक. सभासदाची निःस्वार्थता खरीच. परंतु त्याची चूल कारखान्याच्या पगारावर पेटत असे, शिक्षकाची मात्र शाळेच्या. स्मरणिकांतून हा भेद सहसा लिहिला जात नाही.

मराठी शिक्षणसंस्थांच्या इतिहासात मात्र तो एकदा उघडपणे व फार कडवटपणे चर्चिला गेला. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर पुढच्या वर्षी येऊन मिळाले. एम. ए. झालेला मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोडून द्या, असे आगरकरांनी आईला कळवले होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावी आणि निर्वाहापुरते वेतन घ्यावे, अशी योजना होती. गोपाळ कृष्ण गोखले यांना दरमहा ७५ रुपये मिळत. त्यांच्या योग्यतेच्या माणसाला सरकारी नोकरीत याहून पुष्कळ अधिक मिळाले असते, हे सर्वांनाच ठाऊक होते.

प्रश्न पुढेच उभा राहिला. संस्था निर्वाहापुरते देते, तर माणसाचा उरलेला वेळ कोणाचा? फावल्या वेळेत पुस्तक लिहून चार रुपये मिळाले, तर ते कोणाचे? टिळकांचे उत्तर निःसंदिग्ध होते. त्यांच्या डोळ्यांपुढे जेझुइट पंथीयांचा आदर्श होता. सभासदाने सर्व वेळ संस्थेस द्यावा, बाहेरची प्राप्ती संस्थेच्या निधीत जमा करावी. इतरांचे म्हणणे असे की घरखर्च वाढतो, मुलेबाळे असतात, आणि सार्वजनिक कार्यासाठी संस्थेबाहेर पडणे हा काही गुन्हा नव्हे. यात सामाजिक सुधारणेवरून पेटलेले मतभेद मिसळले होतेच. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा वाद विकोपास गेला आणि वर्षअखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी गणित शिकवण्यास १८९१ मध्ये आले ते धोंडो केशव कर्वे.

या वादात टिळकांची बाजू अधिक तर्कशुद्ध होती आणि इतरांची अधिक माणुसकीची, असे मला वाटते. आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता निवर्तले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, ही आठवण अनेक मराठी घरांत सांगितली जाते. आपण ती अभिमानाने सांगतो. ती अस्वस्थ होऊनही सांगायला हवी.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना समान होती. अल्प वेतन घेणारे हे सभासदच संस्थेचा कारभार पाहत. आपल्या पोटाला किती चिमटा घ्यावयाचा, हे त्यांनी स्वतः ठरवले होते. कर्व्यांनी १९०८ मध्ये स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी निष्काम कर्ममठ स्थापला, त्यापूर्वी १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला; तेथेही व्रत घेणारा आपखुशीने घेत असे.

पुढे गावोगावी मंडळांनी शाळा काढल्या तेव्हा भाषा तीच राहिली, व्यवस्था मात्र बदलली. निर्णय घेणारे विनावेतन, निर्णय सोसणारे सवेतन. शिक्षिकेने वेतनवाढ मागितली की तिला त्यागाची आठवण करून द्यावयाची, आणि लिपिकाला किंवा शिपायाला तर बैठकीत बोलावयाचेही नाही. ज्याला बैठकीत मत नाही, त्याच्याकडून मागितलेला त्याग हा त्याग राहत नाही. ती नुसती काटकसर असते, आणि तीही दुसऱ्याच्या घरातली. मंडळांकडे पैसा नव्हता, हेही तितकेच खरे. मराठी मुलखापासून दूर, वर्गणी आणि देणगीवर शाळा चालवताना पुढच्या महिन्याचे वेतन कोठून द्यावे ही चिंता अनेक चिटणिसांची झोप उडवीत आली आहे.

या अंकात संस्थापकांची व देणगीदारांची नावे येतील, ती यावीतच. त्यांच्या शेजारी शाळेच्या वेतनपत्रकावरील नावेही छापावीत, अशी संपादक मंडळास विनंती आहे: पहिल्या वर्षापासूनची, शिक्षकांची, लिपिकांची, घंटा देणाऱ्यांची आणि वर्ग झाडणाऱ्यांची, प्रत्येकाच्या सेवेच्या वर्षांसह.