पावतीच्या पलीकडचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर आमच्या खारदांड्यात पावतीपुस्तकं फिरू लागतात. कुणी वृद्धाश्रमासाठी येतं, कुणी अनाथ मुलांच्या फराळासाठी. ‘संस्था रजिस्टर आहे, पावती मिळेल’ एवढ्या उत्तरावर आपला हात खिशाकडे जातो. या उत्तरात नेमकी कशाची हमी आहे, ते पाहायचं तर दानाच्या कायद्याचा इतिहास थोडा उलगडावा लागतो.

कोळीवाड्याच्या जुन्या जमात-व्यवस्थेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. वर्गणी देणारा आणि ती खर्चणारा एकाच आळीतले. नारळी पौर्णिमेला वा शिमग्याला काय झालं, ते दारात उभं राहूनही दिसे. १९२४ मध्ये खार स्टेशन सुरू झालं, उपनगर वाढलं. देणारा आणि घेणारा परस्परांना अनोळखी झाले, आणि ओळखीची जागा कागदाने घेतली.

मोठ्या वर्गणीतही खर्च दिसावा असा एक प्रयत्न स्वदेशीच्या काळात महाराष्ट्राने पाहिला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडात माणसामागे एक पैसा मागितला जाई. त्यातून १९०८ च्या सुमारास तळेगाव दाभाड्याला काचकारखाना उभा राहिला. पैसा देणाऱ्याला आपल्या पैशाचं काय झालं, ते तळेगावला जाऊन पाहता येत होतं.

प्रत्येक दान असं डोळ्यांना दिसत नाही. तिथे हिशेब मागण्याचा हक्क लागतो, आणि तो टप्प्याटप्प्याने मिळाला. १८६३ च्या कायद्याने सरकारने देवस्थानांच्या कारभारातून अंग काढून घेतलं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ९२ प्रमाणे सार्वजनिक न्यासाविरुद्ध दाव्याला किमान दोन हितसंबंधी माणसं आणि ॲडव्होकेट जनरलची संमती लागे. १९२० च्या कायद्याने एकट्या हितसंबंधी माणसालाही न्यायालयात जाऊन हिशेब मागता येऊ लागला. पण वाट न्यायालयाचीच होती. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या समितीने या साऱ्याचा विचार केला आणि १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. आज त्याच्या नावात ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे. नोंदणी, दरवर्षीचे तपासलेले हिशेब आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख, ही त्याची चौकट. १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं रद्द केली, पण ही चौकट कायम राहिली.

या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. नोंदणी हे चांगुलपणाचं प्रशस्तिपत्र नाही. संस्थेचे कागद पाहण्याची सोय तिने होते, पण ते पाहण्याचं काम दात्याचंच राहतं.

म्हणून पावती फाडण्याआधी नोंदणी क्रमांक विचारावा. मुंबईतल्या संस्थांची नोंद वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात असते. तिथे अर्ज करून, शुल्क भरून कागदांच्या नकला मिळवता येतात. सध्याचे विश्वस्त कोण, बदल अर्ज दाखल झाले आहेत का, गेल्या वर्षीचा ताळेबंद सादर झाला आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. उत्सवापुरती वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांसाठी याच कायद्यात कलम ४१ क आहे. त्याची परवानगी विचारावी. प्राप्तिकराच्या ८० जी सवलतीचा संबंध आपल्या कराशी आहे, संस्थेच्या कामाच्या दर्जाशी नाही. शिवाय दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळतही नाही.

ताळेबंद वाचताना मात्र एक सावधगिरी हवी. ‘पगारावर खर्च फार’ म्हणून संस्था लगेच बाद करू नये. वृद्धाश्रमात रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार हीच सेवा असते. पगार कुणाचा, कोणत्या कामाचा, हे विचारावं. पैसा वर्षानुवर्षं ठेवींत पडून असेल, तर तो कशासाठी राखला आहे, हेही विचारावं.

हे प्रश्न विचारणं आपल्याला अजून अवघड जातं. दान देताना हिशेब मागणं कोतेपणाचं वाटतं. खरं तर नीट चालणाऱ्या संस्थेला त्यांचा त्रास होत नाही, तिचे कागद तयार असतात. आणि जिथे प्रश्नाने चेहरे बदलतात, तिथे गेलेला प्रत्येक रुपया कुठल्या तरी प्रामाणिक आश्रमाच्या ताटातून कमी झालेला असतो.