मजुरीतली तफावत: गिरणीच्या खात्यापासून अवसरीच्या शिवारापर्यंत

मंडळी, आजचा विषय आपण अवसरी खुर्दपासून सुरू करू. गावात २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून शिकून निघालेलं पोर महिन्याच्या पगारावर नोकरीला लागतं. त्याच शिवारात बाई मात्र रोजानं खुरपायला जाते. दोघांच्या कमाईत एवढं अंतर का? ‘शिक्षण’, असं आपण पटकन म्हणतो. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे.

मुंबईच्या गिरण्या बघा. विणाई खात्यात पगार जास्त, रिंग खात्यात कमी. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढावं लागे. विटाळाचं कारण पुढे करून दलित कामगारांना विणाईत येऊ दिलं जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न उचलला. म्हणजे कसब नव्हतं म्हणून पगार कमी, असं नव्हतं. जिथे कसब शिकायचं, तिथलं दारच बंद होतं.

दुसरं कारण संघटनेचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. कापडाचं काम यंत्रमागांकडे आधीपासूनच सरकत होतं, संपानंतर ते आणखी गेलं. भिवंडीतही मागच चालवायचा. पण तिथे युनियन नाही, नोकरीची हमी नाही, म्हणून मजुरीही कमी. काम तेच, मोल वेगळं!

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बाई असो वा बाप्या, एकाच कामाला एकच दर. दुसरीकडे काम मिळतंय म्हटल्यावर मजूरही भाव सांगू शकतो.

आता पुन्हा आंबेगावात येऊ. घोड नदीवर डिंभे धरण झालं. पश्चिमेकडची आदिवासी गावं पाण्याखाली गेली, पूर्वेकडची शेतं भिजली. आज पश्चिमेचा माणूस पूर्वेच्या बागायतीत मजुरीला येतो. इथे शिक्षणाच्या आधी जमीन आणि पाणी कुणाच्या वाट्याला आलं, हे विचारावं लागतं.

तेव्हा कमाईतलं अंतर मोजताना आपण फक्त पदवी बघायची नाही. कामाचं दार कुणाला उघडं होतं, पाठीशी कायदा होता का, नाही म्हणायची सोय होती का, हे तीन प्रश्न त्या खुरपणाऱ्या बाईच्या बाजूनं विचारून बघा. पुढच्या व्याख्यानात आपण तिथूनच सुरुवात करू.